करंगळीचं इंग्रजी

आमच्या शाळेत या कामाला भाषा लागतच नसे. जागेवर उभं राहायचं, मूठ मिटायची, करंगळी वर करायची. बाईंनी मान हलवली की पळत सुटायचं. करंगळीच्या जोडीला दुसरं बोट वर गेलं तर मामला जरा मोठा, हे अख्ख्या वर्गाला कळायचं. शब्दांवाचून अडलंच तर 'बाई, एकीला जाऊ?' एवढे तीन शब्द पुरत. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि हा सरळ व्यवहार बिघडला. त्या तासाला करंगळी चालायची नाही. 'मे आय गो टू द टॉयलेट, सर?' असं पूर्ण वाक्य म्हणावं लागे, आणि सरांना त्यातला 'द' ऐकू आल्याशिवाय सुटका नसे. 'द' आठवता आठवता आमच्यातल्या एकाची चड्डी ओली झाली. सातवीपर्यंत त्याला सगळे 'द' याच नावाने हाक मारत होते.

त्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. पण मोठेपणी लंडनच्या कचेरीत कुणी हेच वाक्य साहेबाला म्हणालं तर साहेब चपापेल. नम्रता कमी पडली म्हणून नव्हे, ती जास्त झाली म्हणून. मोठ्या माणसाने जिथे परवानगी मागायची नसते तिथे त्याने ती मागितली, आणि जे सांगायचं नसतं ते सांगून टाकलं. या बाबतीतला इंग्रजी शिष्टाचार बराचसा या दोन गोष्टींत असतो: विचारायचं कुठे आणि सांगायचं किती. टॉयलेट म्हणू की बाथरूम म्हणू, हा प्रश्न त्यानंतरचा. आपण मात्र पहिल्यापासून त्याच्याच मागे लागतो.

कुठे विचारावं लागतं, याचं एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिलं आहे. १४ सप्टेंबर २००५ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत राष्ट्रप्रमुख जमले होते. बैठक चालू असताना अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांच्यासाठी एक चिठ्ठी लिहिली. रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने ती लांबून टिपली. मजकूर असा: 'आय थिंक आय मे नीड अ बाथरूम ब्रेक? इज धिस पॉसिबल?' फोटो जगभर छापून आला आणि लोक पोट धरधरून हसले.

हसू ओसरलं की ती चिठ्ठी पुन्हा वाचावी. इंग्रजीतल्या अदबीचा सगळा कारखाना तिथे उघडा दिसतो. 'आय थिंक', म्हणजे मला वाटतं. आता स्वतःच्या मूत्राशयाबद्दल माणसाला 'वाटायचं' काय कारण? तिथे एक तर लागलेली असते किंवा नसते. पुढचं 'मे नीड' तर आणखी सैल: लागेलसं वाटतं, कदाचित. काय लागेल? बाथरूम नव्हे, 'बाथरूम ब्रेक'. म्हणजे चहाची सुट्टी तशी ही एक सुट्टी. वाक्य विधानाचं आहे, पण शेवटी प्रश्नचिन्ह लावून त्याचा उरलासुरला ताठाही काढून टाकला. आणि शेवटच्या वाक्यात तर जाणारा माणूसच नाही. 'मी जाऊ का' नाही, 'हे शक्य आहे का'. ज्यांच्या शब्दावर सैन्यं हलत होती, त्या माणसाने आपली गरज पाच पडद्यांआड ठेवून विचारली. त्यात गैर काही नव्हतं. तिथे उठायचं कधी याचे संकेत असतात, ते माहीत असणाऱ्या सहकाऱ्याला विचारणं शहाणपणाचंच. मराठीत हीच चिठ्ठी 'जाऊन येऊ का?' एवढ्यावर आटोपली असती.

ही पडद्यांची सवय इंग्रजीला फार जुनी, आणि तिने सर्वांत जास्त झिजवले ते त्या जागेचे शब्द. 'टॉयलेट' हा शब्द मुळात फ्रेंच 'त्वालेत', म्हणजे कापडाचा छोटा तुकडा. साजशृंगाराच्या मेजावर जे कापड अंथरत, ते टॉयलेट. मग त्या मेजावरच्या कंगवे-डब्यांना टॉयलेट म्हणू लागले, मग मेजालाच, मग तिथे बसून नटण्याच्या क्रियेला. अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक'मधली नायिका झोपेतून उठून टॉयलेटपुढे बसते आणि जणू पूजाच मांडते, हे वाचताना इंग्रजी साहित्याच्या वर्गात दरवर्षी खसखस पिकते. बिचारी आरशासमोर बसलेली असते. नटण्याच्या क्रियेवरून शब्द नटण्याच्या खोलीवर गेला, खोलीत हात धुण्याची सोय आली, आणि पुढे तिथल्या दुसऱ्या सोयीने शब्द गिळून टाकला. जुना अर्थ आता अत्तराच्या बाटलीवर 'ओ द त्वालेत' म्हणून उरलाय, आणि दुकानातल्या साबण-शांपूच्या फळीवर 'टॉयलेटरीज' म्हणून.

बाकीच्या शब्दांची कथा वेगळी नाही. 'लॅव्हेटरी' म्हणजे लॅटिनमधून आलेली धुण्याची जागा. 'लॅट्रिन'चंही मूळ तेच. 'प्रिव्ही' म्हणजे खासगी. 'क्लोकरूम' म्हणजे कोट टांगण्याची खोली. 'बाथरूम' अंघोळीची, 'वॉशरूम' हात धुण्याची, 'पावडर रूम' नाकाला पावडर लावण्याची. सभ्य इंग्रजीत या जागेला स्वतःचं नाव जवळजवळ नाहीच. सगळी शेजारपाजारून उसनी आणलेली. उसनं नाव काही दिवस चांगलं दिसतं, मग जागेचा वास त्यालाही लागतो, आणि नवं शोधावं लागतं. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९९४ साली या प्रकाराला 'युफेमिझम ट्रेडमिल' म्हटलं. व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर माणूस कितीही धावला तरी असतो तिथेच, तसं सौम्य शब्दांचं होतं.

हसण्याआधी आपल्या घरात डोकवावं. 'शौच' या शब्दाचा अर्थ शुद्धी, पावित्र्य. 'लघवी' म्हणजे नुसतं लहानपण, 'लघुशंका' म्हणजे छोटीशी शंका. 'परसाकडे जाणं' म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडे जाणं. तिथे कुणी भाजी खुडायलाही जाऊ शकेल. 'बहिर्दिशेला' जाणाऱ्याने तर दिशासुद्धा नीट सांगितली नाही. आणि 'मी जरा बाथरूमला जाऊन येतो' असं म्हणणाऱ्याकडे साबण-टॉवेल आहे का, हे मराठी घरात कुणी बघत नाही.

इंग्लंडात या शब्दांना आणखी एक काटा आहे, आणि तो बाहेरून आलेल्याला दिसतही नाही. ॲलन रॉस या बर्मिंगहॅमच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९५४ साली फिनलंडमधल्या एका विद्वज्जड नियतकालिकात एक लेख लिहिला. इंग्लंडातला उच्चवर्ग आता पैशाने ओळखू येत नाही, तो शब्दांनी ओळखू येतो, असा त्यांचा मुद्दा. उच्चवर्गाच्या शब्दांना त्यांनी 'यू' म्हटलं, इतरांच्या शब्दांना 'नॉन-यू'. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने 'एन्काउंटर' मासिकात तो विषय उचलला आणि देशभर शब्द तपासण्याची साथ पसरली. या हिशेबात 'लॅव्हेटरी' यू, 'टॉयलेट' नॉन-यू. म्हणजे फ्रेंच वळणाचा, ऐकायला नाजूक वाटणारा शब्द खालच्या पायरीवर, आणि जुना रोखठोक शब्द सरदार-दरकदारांचा. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००४ च्या 'वॉचिंग द इंग्लिश' या पुस्तकात सात शब्द दिले आहेत, जे ऐकताच इंग्लंडातला उच्चभ्रू माणूस बोलणाऱ्याचा वर्ग मनात टिपून ठेवतो. त्यातही 'टॉयलेट' आहेच. त्या वर्गाचा आजचा शब्द 'लू' किंवा 'लॅव्हेटरी'.

'लू' कुठून आला यावर इंग्रज मंडळी जेवणाच्या टेबलावर तासभर वाद घालू शकतात. कुणी सांगतं, जुन्या एडिंबरात खिडकीतून भांडं ओतताना 'पाणी आलं, सांभाळा' असं मोडक्या फ्रेंचमध्ये ओरडत, त्यातल्या 'लो'चा 'लू' झाला. कुणी वॉटरलूवरची कोटी म्हणतं. एकाही कथेला पक्का पुरावा नाही. कामापुरतं एवढं माहीत असलं तरी चालतं की ब्रिटनमध्ये 'लू' कुठेही खपतो. पबमध्ये, मित्राच्या घरी, सासूबाईंसमोरसुद्धा. त्यात लाजही नाही आणि रांगडेपणाही नाही. माझ्या मते परक्या माणसाने ब्रिटनमध्ये दुसरा शब्द शिकण्याच्या भानगडीत पडूच नये.

एक जुना वाक्प्रचार मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात नाजूकपणापेक्षा जमाखर्च जास्त आहे. 'आय ॲम गोइंग टू स्पेंड अ पेनी', मी एक पेनी खर्चून येते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जंगी औद्योगिक प्रदर्शन भरवलं होतं. सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिलं. जॉर्ज जेनिंग्ज या नळकाम करणाऱ्या अभियंत्याने तिथे फ्लशची शौचालयं बसवली आणि वापराला एक पेनी ठेवली. पेनी देऊन गेलेल्यांची नोंद ८,२७,२८० अशी सांगितली जाते. पुढे सार्वजनिक शौचालयांच्या दारांना पेनी टाकली की उघडणारी कुलुपं आली, आणि वाक्प्रचार रुळला. तो वापरत प्रामुख्याने बायका. कारण साधं होतं: पुरुषांच्या मुताऱ्या फुकट होत्या, पेनी पडायची ती दार असलेल्या खोलीला, आणि बायकांना दुसरी सोयच नव्हती.

नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ १९०० च्या आसपास लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात होते. कॅमडेन टाउनमध्ये बायकांसाठी शौचालय बांधायची सूचना आली तेव्हा समितीतले पुरुष लाजेने लाल झाले. असल्या विषयाचा उच्चार कशाला, रहदारीला अडथळा होईल, आसपासच्या घरांची किंमत उतरेल, अशा हरकती निघाल्या. जागेची चाचणी म्हणून रस्त्यावर लाकडी ढाचा उभा केला, तर गाडीवाले मुद्दाम आपल्या गाड्या त्यावर नेऊन आदळू लागले. शॉ यांनी हा सगळा प्रकार १९०९ साली लिहून काढला आणि तो बायकांच्या मताधिकाराशी जोडला: समितीत एक जरी बाई असती तर हा विषय 'न बोलण्याचा' राहिला नसता. गरीब बाईला एक पेनीही जड जाते, हेही त्यांनी तिथे मांडलं.

शंभर वर्षांनी मुंबईत हाच हिशेब पुन्हा निघाला. सार्वजनिक मुतारीत पुरुष फुकट, बायकांकडून मात्र पैसे, या विरोधात २०११ साली महिला कार्यकर्त्यांनी मोहीम सुरू केली आणि तिचं नाव ठेवलं 'राइट टू पी'. नाव इंग्रजीत, आणि इंग्रजीतलंही पाहुण्यांसमोर न उच्चारायचं. गंमत म्हणजे 'पी' हा शब्दही एके काळचा पडदाच. त्याच अक्षराने सुरू होणाऱ्या एका जुन्या, आता असभ्य ठरलेल्या शब्दाचं ते आद्याक्षर. तरीही सरकारी निवेदनांतल्या 'प्रसाधनगृहा'पुढे तो पुरेसा उघडा होता, आणि वर्तमानपत्रांना तो छापावा लागला.

अटलांटिक ओलांडला की नियम बदलतात. अमेरिकेत 'टॉयलेट' म्हणजे खोली नव्हे, भांडं. 'व्हेअर इज युवर टॉयलेट?' असं विचारणारा पाहुणा जणू थेट चिनीमातीच्या वस्तूकडेच बोट दाखवतो. तिथे घरात 'बाथरूम', मग त्यात बाथ असो वा नसो. अमेरिकन माणूस कुत्र्याबद्दलही बोलताना म्हणतो, की तो गालिचावर 'बाथरूमला गेला'. हॉटेल, दुकान, विमानतळ इथे 'रेस्टरूम'. कॅनडात 'वॉशरूम', आणि आपल्याकडच्या काचेच्या कचेऱ्यांनीही आता तोच घेतलाय. विमानात मात्र जुनी 'लॅव्हेटरी' अजून टिकून आहे. माझी मावशी पहिल्यांदा न्यू जर्सीला लेकीकडे गेली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने तिच्या हातात छोटा कप दिला आणि सांगितलं, 'रेस्टरूम इज डाउन द हॉल.' मावशी हसून म्हणाली, 'नो नो, आय ॲम नॉट टायर्ड.' मग तिने तो कप पाण्याने भरून आणला आणि पिऊन टाकला. लेक गाडी लावून आत येईपर्यंत मावशीने नर्सकडे दुसऱ्यांदा पाणी मागितलं होतं.

आता प्रत्यक्ष विचारायचं कसं. दुसऱ्याच्या घरी परवानगी मागायची, कारण वस्तू त्याची आहे: 'कुड आय यूज युवर बाथरूम?', ब्रिटनमध्ये 'कुड आय यूज युवर लू?' यातलं क्रियापद 'यूज' आहे, 'गो' नाही, आणि त्यातच सगळं आहे. 'गो' म्हटलं की जाणारा माणूस आणि त्याची निकड डोळ्यांपुढे येते. 'यूज' म्हटलं की फोन वापरू का, छत्री घेऊ का, याच रांगेत ती विनंती बसते. 'कॅन' म्हटलं तरी आज कुणी रागावत नाही. जुन्या वळणाचे मास्तर अजून 'कॅन आय गो?' म्हणणाऱ्या पोराला 'मला काय माहीत, जमतं का तुला?' असा टोला देतात, पण तो विनोद त्यांच्यापाशीच राहू द्यावा.

हॉटेलात परवानगी मागायचं कारण नाही. तिथे पत्ता विचारायचा. 'एक्स्क्यूज मी, व्हेअर इज द रेस्टरूम?' म्हटलं की झालं. ब्रिटनमध्ये 'व्हेअर आर द लूज?' किंवा पुरुषाने 'व्हेअर इज द जेंट्स?' आपले लोक वेटरलासुद्धा 'मे आय' म्हणतात आणि तो बिचारा 'ऑफ कोर्स' म्हणून उभा राहतो. पत्ता कुणी विचारलाच नाही, तर तो तरी काय सांगणार?

जेवणाच्या टेबलावरून उठताना जागाही सांगायची नाही. 'एक्स्क्यूज मी फॉर अ मोमेंट' म्हणायचं, रुमाल खुर्चीवर ठेवायचा, जायचं. बैठकीतही तसंच, दोन-चार माणसंच असतील तर 'आय विल बी राइट बॅक', मोठी सभा असेल तर तेही नाही, गुपचूप उठायचं. कारण सांगणं हा तिथे प्रामाणिकपणा धरत नाहीत, तो आगाऊपणा होतो. बैठक चालवणाराच 'कम्फर्ट ब्रेक' जाहीर करतो तेव्हा तो सगळ्यांच्या वतीने हे अवघड काम उरकत असतो.

एका ठिकाणी आपण हमखास फसतो. पाहुणा विचारतो, 'डू यू माइंड इफ आय यूज द बाथरूम?' आपण अगत्याने म्हणतो, 'येस, येस!' आपल्या मनात 'हो हो, जा ना', पण प्रश्नाचा खरा अर्थ 'तुमची काही हरकत?' असा आहे. यजमानाने हरकत आहे म्हणून सांगितलं, तेही दोनदा आणि हसत. पाहुणा अवघडून तिथेच उभा राहतो. उत्तर 'नॉट ॲट ऑल' असं द्यायचं असतं. जीभ वळत नसेल तर सरळ दाराकडे हात करावा.

डॉक्टरसमोर हे सगळे पडदे काढून ठेवायचे. तिथे 'आय हॅव अ प्रॉब्लेम इन द बाथरूम' म्हटलं तर नळ गळतोय की आणखी काही, हे डॉक्टरला कळणार नाही. आपलं 'लूज मोशन्स' बाहेरच्या डॉक्टरच्या कानाला आता विचित्र लागतं, 'डायरिया' म्हणावं. ब्रिटिश डॉक्टर 'हॅव यू ओपन्ड युवर बॉवेल्स?' असं विचारतो तेव्हा तो पोट उघडण्याबद्दल बोलत नसतो, सकाळी साफ झालं का एवढंच त्याला हवं असतं. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने आपल्या लिखाणासाठी याहून सोपा मार्ग धरलाय: रुग्णांसाठीच्या मजकुरात सरळ 'पी' आणि 'पू' लिहायचं, कारण ते सगळ्यांना कळतं. लॅटिन, फ्रेंच, अंघोळ, पावडर, सगळं फिरून गाडी शेवटी बालवाडीत आली. आपल्या 'शू' आणि 'शी'चे हे सख्खे भाऊ.

मराठीची स्वतःची युक्ती मला या सगळ्यांहून सरस वाटते. आपण जागा सांगत नाही, काम सांगत नाही, नुसतं 'जाऊन येतो' म्हणतो. जाणं आलं, परत येणं आलं, मधलं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. अडचण एवढीच की ही युक्ती भाषेबाहेर चालत नाही. माझा एक मित्र नोकरीला लंडनला गेला. पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास तो जागेवरून उठला, साहेबाच्या टेबलापाशी थांबला आणि अदबीने म्हणाला, 'सर, आय विल गो अँड कम.' इंग्रज साहेब कुणी सुट्टीवर निघालं की जे विचारतात तेच याने विचारलं, मान वर करून, हसून.

'ओह, एनिव्हेअर नाइस?'